आमच्या खाटकाने बाजार सोडला, आता थेट गोठ्यावरून बोकड आणतो. किलोमागे ६० रुपये जास्त द्यावेत का?

रस्सा_आधी_भात_नंतर (धागाकर्ता)

मंडळी, विषय मटणाचा आहे, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी इथूनच रामराम घ्यावा, उगाच आत येऊन "मुका जीव" वगैरे नको, त्यावर आधीच तीन धागे झालेत आणि तिन्हींचं काश्मीर झालंय.

तर आमच्याकडे सिंहगड रोडला एक जुनं मटणाचं दुकान आहे. माझे वडील ज्यांच्याकडून घ्यायचे त्यांचा मुलगा आता बसतो. चार-पाच महिन्यांपूर्वी त्याने एक पांढरा बोर्ड लावला, त्यावर रोज मार्करने लिहितो, म्हणजे कालचं असं होतं, "३ बोकड, उस्मानाबादी, पुरंदर, दोन दाती". मी आधी हसलो, म्हटलं आता बोकडाची कुंडली पण लिहा. पण विचारल्यावर म्हणाला की दादा मी आता चाकणच्या बाजाराला जात नाही, सासवडच्या पुढे पाच-सहा घरं धरलीत, त्यांच्याकडूनच घेतो. भाव ८२०. चौकातल्या बाकी दोघांकडे ७६०.

चव? खरं सांगू, फरक आहे. बायको म्हणते मनाचे खेळ. सूप केलं तेव्हा तिनेच दुसऱ्यांदा घेतलं हे मात्र इथे नोंदवून ठेवतो.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. रविवारी साडेदहाला गेलो तर "मांडी संपली, खांदा आणि सीना आहे". अकराला सगळंच संपलं. अरे मग ६० रुपये जास्त कशाचे देतोय मी? बाजूच्या दुकानात दुपारी एकला पण मांडी मिळते! हे लोकल-बिकल प्रकरण खरं आहे की बोर्डाचे पैसे वसूल करतोय?

कुचकट_कोथरूडकर

बोर्डाचेच पैसे. मार्कर महाग झालेत.

सीरियसली बोलायचं तर पुरंदर हा काय परदेश आहे का? पुण्यातलं मटण आजूबाजूच्या तालुक्यातूनच येत होतं की कायम. आमच्या आजोबांना कोणी "लोकल सोर्स्ड" असं म्हणालं असतं तर त्यांनी विचारलं असतं की मग दुसरं कुठून आणणार, मुंबईहून? आता तेच घासून पुसून ६० रुपये वाढवून विकतायत.

वजडीप्रेमी_मावशी

कुचकट भाऊ, आजोबांचा काळ गेला हो. देवनारला जाऊन बघा, राजस्थान, गुजरात, एमपीतून ट्रक येतात. माझं माहेर मुंबईचं, आम्ही लहानपणापासून तेच खाल्लंय, वाईट नव्हतं म्हणत नाही मी. पण पुण्यातही सगळं पुरंदर-भोरचंच असतं ही समजूत काढून टाका.

धागाकर्ते, मांडी संपली तर खांदा घ्या की! रश्श्याला खांदाच लागतो, मांडी कोरडी पडते. पुण्यातले लोक मांडी मांडी का करतात मला आजवर कळलेलं नाही.

तीन_पिढ्या_सुरी

नमस्कार. आमचं घराणं याच धंद्यातलं, मी स्वतः आता दुकानावर बसत नाही पण भाऊ बसतो, त्यामुळे थोडं सांगतो. नेहमी वाचनमात्र असतो, हा धागा बघून राहवलं नाही.

एक पंचवीस किलोचा बोकड धरा. गोठ्यावर जिवंत वजनाने ३८० ने घेतला तरी साडेनऊ हजार झाले. कापल्यावर निम्म्याहून थोडं कमीच मटण मिळतं, पोट भरलेलं असलं तर अजून कमी, म्हणजे बारा किलो धरा. बारा किलो ७६० ने ९१२०. झाला ना तोटा? मग बाकीच्यातून भरून काढायचं. कलेजी-गुर्दा मिळून पाऊण किलो, मुंडी, चार पाय, वजडी (म्हणजे पोट-आतडी), सगळं धरून बारा-तेराशे येतात. पूर्वी कातड्याचे बरे पैसे यायचे, माझ्या वडिलांच्या काळात कातड्यावर दुकानातल्या पोऱ्याचा पगार निघायचा, आता कातडं न्यायला माणूस आला तरी उपकार. उरले आठ-नऊशे. त्यातून टेम्पो, कत्तलखान्याची फी, लाइट, बर्फ, कापणाऱ्याची मजुरी. आणि एखाद्या दिवशी वजडी खपली नाही की संपलं.

आता बाजारातला व्यापारी काय करतो, तो आठवड्याची उधारी देतो. शनिवारी चाकणला माल घेतला, पुढच्या शनिवारी पैसे. गोठ्यावर गेलं की शेतकऱ्याला रोख पाहिजे, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याला कुठे आम्ही ओळखीचे. शिवाय बाजारात एका फेरीत तीस जनावरं मिळतात, गोठ्यावर एका घरी तीन, दुसऱ्या घरी दोन, डिझेल सारखंच जळतं. ते ६० रुपये तिकडे जातात. तुमचा पोरगा श्रीमंत होत नाहीये एवढं नक्की.

आणि मांडीचं म्हणाल तर साहेब, बोकडाला मागच्या मांड्या दोनच असतात. तीन बोकडांच्या सहा. बाजूचा दुपारी एकला मांडी देतो कारण त्याच्याकडे पंधरा लटकलेत किंवा त्याने दुसऱ्या दुकानातून नुसत्या मांड्या उचलल्यात. तशी देवाणघेवाण आमच्यात चालते.

रस्सा_आधी_भात_नंतर

हे मला कोणी आधी का नाही सांगितलं. धन्यवाद सुरीभाऊ, हिशोब वाचून जरा गप्प झालो. ते "दोन दाती" म्हणजे काय तेवढं सांगा, मी तिथे मान डोलावून आलो होतो.

गुरांचा_दवाखाना

पशुवैद्यक आहे, सरकारी, एवढं पुरे.

शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खालचे आठ बघायचे. आधी दुधाचे असतात, तेव्हा त्याला अदंत म्हणतात. साधारण सव्वा वर्षाच्या आसपास मधली जोडी पडून मोठे दोन येतात, तो दोन दाती. मग चार, सहा, आणि चारेक वर्षांपर्यंत आठही मोठे. खाण्यासाठी अदंत ते दोन दाती हेच बरं, पुढे रेषा जाड होतात आणि कुकरच्या शिट्ट्या वाढतात. लहानपणी खच्ची केलेला असला तर उग्र वासही राहत नाही.

लोकल असण्याचा खरा फायदा कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो, तो प्रवासाचा आहे. जनावर दोन दोन दिवस ट्रकमध्ये उभं राहिलं की दमतं, घाबरतं, वजन तर घटतंच पण स्नायूतली साखर संपते. कापल्यावर याच साखरेचं आम्ल होतं आणि मांसाचा पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की आकडा उतरतो) सातवरून साडेपाच-पावणेसहाच्या आसपास उतरतो. साखरच नसेल तर तो उतरत नाही, मांस काळपट, चिकट दिसतं आणि लवकर खराब होतं. सासवडहून तासाभरात आलेल्या, रात्रभर पाणी पिऊन निवांत बसलेल्या बोकडाचं तसं होत नाही. तुम्हाला चवीत जो फरक वाटला तो जातीचा कमी आणि याचा जास्त असू शकतो.

अजून एक, आपल्याकडे "गरम गरम, आत्ता कापलेलं" याचं फार वेड आहे. कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, नेमकं तेव्हा शिजवलंत तर चामडं लागतं. घरी आणून फ्रिजमध्ये (फ्रीजर नाही) रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी करा, मग मला सांगा.

कुचकट_कोथरूडकर

म्हणजे रविवारचं मटण सोमवारी खायचं? सोमवारी?? डॉक्टर तुम्ही घर मोडायला निघालात.

गुरांचा_दवाखाना

शनिवारी आणा. :)

कुचकट_कोथरूडकर

शनिवारी आणायचं आणि घरात ठेवायचं? मारुती बघतोय.

शेरडंवाला

राम राम. मी माण तालुक्यातला. चाळीस शेरडं हायत, अर्धबंदिस्त, म्हणजे सकाळी रानात आणि संध्याकाळी दावणीला. इथं सगळे खाणारे बोलले, आता विकणाऱ्याचं पण ऐका.

आमच्याकडं बाजार म्हणजे लोणंदचा गुरुवार नाहीतर आटपाडीचा शनिवार. तिथं काटा नसतो भाऊ. व्यापारी येतो, पाठीवर हात फिरवतो, कंबरेला दाबतो, टोपी जरा मागं सारतो आणि एक आकडा बोलतो. नजरेचा धंदा. त्याच्या नजरेत तीस वर्षं हायत, माझ्या नजरेत माझं एकच बोकड, कोण जिंकणार? पंचवीस किलोचं जनावर तो बावीसचं म्हणून नेतो. आणि आपण पहाटे चारला निघून पिकअपला भाडं देऊन गेलेलो असतो, परत तर आणायचं नसतं, हे त्यालाबी ठाऊक. दुपार झाली की भाव अजून खाली.

म्हणून शहरातला खाटीक गोठ्यावर आला, काट्यावर तोलून घेतलं, रोख दिलं, तर आम्हाला ते सोन्याहून पिवळं. पण! एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्याकडंही दोन वर्षांमागं असाच एक दुकानदार यायचा. आखाडात दिवसाला तीन फोन. "भाऊ चार द्या, भाऊ सहा द्या". श्रावण लागला की फोन बंद. मग गणपती, मग नवरात्र, बोकड काय उपास करतंय का? ते रोज खातंय. शेळी पाच महिन्यांत विते, उस्मानाबादी असली तर बहुतेक जोडीनं देते, आणि पिल्लू नऊ-दहा महिन्यांत विकायच्या वजनाला येतं. ते पंचांग बघून वाढत नाही. बकरी ईदला चांगला भाव येतो तेव्हा हेच दुकानदार म्हणतात आम्हाला नेहमीच्याच भावात द्या, आपलं नातं हाय. नातं श्रावणात कुठं गेलं होतं?

तर तुमच्या त्या पोराला एवढंच विचारा की श्रावणात तो त्या पाच-सहा घरांचं काय करणार हाय.

वजडीप्रेमी_मावशी

शेरडंवाले भाऊ, बोललात ते अगदी खरं. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण आखाडात ताव मारून गटारीला शेवटचा हात मारतो आणि मग दोन महिने विसरून जातो, तिकडे कोणाचा चारा चालू आहे ते आपल्या गावीही नसतं.

तीन_पिढ्या_सुरी

भाऊ खरं बोलतायत, आम्ही पण तसेच वागलोय, लपवत नाही. श्रावणात आमची विक्री चौथाईवर येते. कोणत्या तोंडाने जाऊन घेणार. हॉटेलवाले असतात पण त्यांना स्वस्त पाहिजे, आणि पैसे दोन महिन्यांनी.

यॉर्कशायरचा_बंड्या

इकडे आमच्या गावातल्या खाटकाच्या दुकानात तसाच बोर्ड असतो, आज लँब कुठल्या फार्मचं, बीफ कुठल्या फार्मचं. २०१३ मध्ये इकडे बीफ म्हणून विकलेल्या तयार पदार्थांत घोड्याचं मांस सापडलं होतं, मोठा गदारोळ झाला होता, त्यानंतर लोकांना आपल्या चौकातला खाटीक आठवला. मेंढ्यांच्या कानात इलेक्ट्रॉनिक टॅग असतो त्यामुळे कुठून कुठे गेली ते सापडतं.

पण सांगायची गोष्ट वेगळीच, इथे "मटण" म्हणजे म्हातारी मेंढी. बोकड मागितला की खाटीक असा बघतो जणू मी मांजर मागितलं. शेवटी ब्रॅडफर्डला जाऊन घ्यावा लागतो. आणि इकडे पायासूप, वजडी घेणारे कमी, त्यामुळे मला पाय जवळजवळ फुकट मिळतात, ते मी कोणाला सांगत नाही.

गुरांचा_दवाखाना

बंड्या, टॅग आपल्याकडेही आहेत, कानातला पिवळा बिल्ला, बारा अंकी नंबर. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅगशिवाय जनावरांची खरेदी-विक्री, वाहतूक बंद असा आदेश आहे. धागाकर्ते, पुढच्या वेळी त्या मुलाला विचारा बोकडाच्या कानात बिल्ला होता का. बोर्डावर "पुरंदर" लिहायला मार्कर लागतो, बिल्ल्याचा नंबर लिहायला बोकड लागतो.

आणि विचारायचंच असेल तर औषधांचं विचारा. जंताचं औषध किंवा अँटिबायोटिक दिल्यावर ठराविक दिवस ते जनावर कापायचं नसतं, किती दिवस ते औषधावर लिहिलेलं असतं. बाजारातून आलेल्या जनावराचं हे कोणालाच सांगता येत नाही. गोठ्यावरच्या माणसाला विचारता येतं. आंत्रविषार आणि पीपीआर, या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस दिली का हेही. खाटकाला ही उत्तरं येत असतील तर ६० रुपये द्या, नसतील तर देऊ नका, मी तरी असंच करीन.

रानमेवा_सिंधुदुर्ग

आमच्याकडे उलटं आहे बघा. कोकणात मटण बऱ्याचदा घाटावरून येतं, आणि आमची कोकण कन्याळ शेळी, दापोलीच्या विद्यापीठाने पुढे आणलेली, कोकणच्या पावसात टिकणारी, ती पाळणारे आहेत पण बाजार जवळ नाही. मुंबैकर गणपतीत येतात, गौरीच्या सणाला मटण पाहिजे म्हणतात (हो, आमच्याकडे काही घरात गौरीला मटणाचा नैवेद्य असतो, घाटावरच्यांनी डोळे मोठे करू नयेत) तेव्हा सगळे धावतात.

भिंतीवरचा_सरडा

सगळे बोकड बोकड करतायत, पुण्यात बोल्हाईच्या मटणाला कोणी विचारणार की नाही? वाडेबोल्हाईच्या देवीचे जे मानकरी-भक्त आहेत ते शेळीचं खात नाहीत, मेंढीचं खातात, आमच्या घरात तेच. मेंढीचं तर शंभर टक्के लोकलच असतं म्हणायला हरकत नाही, धनगर वाडा घेऊन दिवाळीनंतर आमच्या गावच्या रानात बसतो, शेताला खत मिळतं, आम्ही त्याला धान्य देतो आणि जाताना एखादा एडका आमच्याकडे राहतो. बोर्ड नाही, मार्कर नाही.

शेंडी_आणि_हलाल

मुद्द्याचं कोणीच बोलत नाहीये. हा खाटीक नक्की कोण आहे आणि कापतो कसा...

मंडळ_संपादक

वरील प्रतिसाद इथेच थांबवला आहे. हलाल-झटका या विषयाला वेगळा धागा आहे, तो गेल्या वर्षीपासून वाचनमात्र आहे आणि तसाच राहील. इथे फक्त बोकड.

कुचकट_कोथरूडकर

संपादकांचं "इथे फक्त बोकड" हे वाक्य मी स्वाक्षरीत घेतोय.

बाकी एक कबूल करतो. मी आज मुद्दाम त्या दुकानात गेलो, गाडी काढून, धागाकर्त्याने व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पत्ता दिला म्हणून. बिल्ल्याचं विचारलं. पोराने एक वही काढली, शाळेची, दोनशे पानी. त्यात तारीख, कोणाच्या घरचा, वजन, किती रुपये दिले, आणि बिल्ल्याचा नंबर. दोन ठिकाणी नंबराच्या जागी "बिल्ला नाही" असं पण लिहिलं होतं. मला वाटलं होतं लपवेल.

श्रावणाचं पण विचारलं, शेरडंवाले. म्हणाला मागच्या श्रावणात त्यानेही फोन उचलले नव्हते. यंदा काय करणार माहीत नाही म्हणाला. खोटं तरी नाही बोलला.

मटण घेतलं नाही. मांडी संपली होती.

वजडीप्रेमी_मावशी

😂😂 खांदा घ्यायचा होतात!

आता माझं ऐका. या सगळ्याला आमच्या सासरी, खेड तालुक्यात, एक जुना उपाय आहे आणि तो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त शहरात येऊन विसरलात. वाटे. जत्रेला किंवा आखाडात आठ-दहा घरं मिळून एक बोकड घेतात, कापतात, आणि केळीच्या पानावर नाहीतर ताडपत्रीवर सारखे ढीग लावतात. प्रत्येक ढिगात थोडी मांडी, थोडा खांदा, सीना, चाप, कलेजीचा तुकडा, वजडी, चरबी. कोणी निवडायचं नाही, लहान पोराला पाठमोरं उभं करून "हा कोणाचा?" विचारायचं आणि तो नाव घेईल त्याचा तो वाटा. मुंडी आणि पाय ज्याने बोकड आणला त्याला. मांडी संपली हा प्रश्नच नाही, उरली वजडी हा पण नाही. खाटकाला आधीच माहीत असतं किती घरं आहेत, शेतकऱ्याला आधीच माहीत असतं कुठल्या रविवारी किती जाणार.

तीन_पिढ्या_सुरी

मावशी, दंडवत. भावाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला असं कोणी आगाऊ सांगितलं तर मी ८२० चं ७७० ने पण देईन, कारण वजडी-मुंडीचं टेन्शन जातं आणि गोठ्यावर द्यायला रोख आधीच हातात असते. फक्त एक, दहा घरांतली दोन घरं शनिवारी रात्री "पाहुणे आले, जमणार नाही" म्हणतात, त्यांचं काय करायचं तेवढं ठरवा.

शेरडंवाला

पैसे आधी घ्यायचे. आमच्याकडं वाट्याचं तसंच असतं. पैसे दिल्यावर पाहुणे येत नाहीत.

आणि श्रावण संपून नवरात्र सुटलं की दसऱ्यानंतरचा एक रविवार आत्ताच सांगून ठेवला, तरी गोठ्यावरच्याला पुष्कळ. तेवढ्या भरवशावर तो दोन बोकड कमी भावात विकायचा थांबतो.

रस्सा_आधी_भात_नंतर

बोललो त्याच्याशी. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, मग त्याचे वडील आतून बाहेर आले, "वाटा" शब्द ऐकून. म्हणाले आमच्या लग्नात वाटे लागले होते, त्यानंतर बघितले नाहीत. आखाडातला दुसरा रविवार ठरलाय. एक बोकड, दहा घरं, घरामागे किलोभराच्या वर येईल, पैसे शुक्रवारपर्यंत. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार पण वहीत लिहून घेतला त्याने, माझ्या समोर. आमच्या सोसायटीतली सहा घरं झाली, चार जागा आहेत. सिंहगड रोडच्या आसपासच्यांनी व्यनि करा.

सूचना, निवडायचं नाही. वजडी येणार म्हणजे येणार.

कुचकट_कोथरूडकर

एक वाटा माझा धरा. कोथरूडहून येईन. वजडीचं काय करतात तेवढं कोणीतरी सांगा, मी आयुष्यात साफ केलेली नाही आणि बायकोने आधीच हात वर केलेत.

वजडीप्रेमी_मावशी

गरम पाण्यात दोन मिनिटं, मग सुरीच्या पाठीने खरवडायची, टॉवेलसारखा भाग पांढरा होईपर्यंत. मग मीठ-हळद लावून तीनदा धुवायची. आलं-लसूण भरपूर, खोबरं भाजून, कुकरला सहा शिट्ट्या. नाही जमलं तर माझ्याकडे आणून द्या, मी वारज्याला राहते. अर्धी परत मिळेल.

कुचकट_कोथरूडकर

अर्धी का?

वजडीप्रेमी_मावशी

मजुरी.